पेन्शनची खात्रीलायक तारीख

हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच, तुमचे चेहरेच सांगताहेत. चहा येईपर्यंत ऐका. फजिती हा शब्द या प्रकाराला थिटा पडेल. एका माणसानं एकट्यानं, भर दिवसा, कोणालाही बोट न लावता अख्खं देऊळघाट रिकामं करून दाखवलं, तर त्याला तुम्ही काय म्हणाल? प्लेगच्या साथीतसुद्धा गावात चार माणसं मागं राहिली होती म्हणतात. माझ्या समाजसेवेपुढं तीही राहिली नाहीत.

मी मूळचा देऊळघाटचाच. पण लहानपणीच मामाकडे बडोद्याला शिकायला गेलो आणि मिशी फुटल्यावरच परत आलो. येताना एक सायकल आणली, एक ट्रंकभर पुस्तकं आणली आणि गाव सुधारायचंच असा निश्चय आणला. सायकल पहिल्याच पावसात गंजली. निश्चय गंजता तर बरं झालं असतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून अनसामायचं घर. मी रांगत होतो तेव्हा माझी आई गेली. त्यानंतर माझा दूधभात, माझं औषध आणि माझा मार, सगळं अनसामायच्या हातचं. तिचा एकुलता एक मुलगा गोविंदा पलटणीत होता. मोठ्या लढाईत बसऱ्याकडे गेला तो परत आला नाही. त्याच्याबद्दल सरकारनं तिला पेन्शन बांधून दिली. घरात दुसरं मिळवतं माणूस नाही. तिची चूल पेटते ती त्या पेन्शनवर.

आता ही पेन्शन घ्यायला बुलढाण्याच्या कचेरीत, खजिन्यावर, स्वतः जावं लागतं. कधी जायचं? हा प्रश्न मी गावात आल्या आल्या विचारला आणि मला पहिला धक्का बसला. देऊळघाटात या प्रश्नाला जितकी तोंडं तितकी उत्तरं होती. न्हावी म्हणाला, अमावास्या उलटली की. तेली म्हणाला, धाड गावच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. एकानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं की कलेक्टरसाहेबाची मडम माहेरी गेली की पैसे सुटतात, कारण मग साहेबाचं चित्त कामात लागतं.

"माय, तू कोणाचं ऐकतेस?" मी अनसामायला विचारलं.

"ज्याचं कानावर येईन त्याचं," ती म्हणाली. "एक डाव न्हाव्याचं ऐकलं, तं खजिन्याले कुलूप. एक डाव तेल्याचं ऐकलं, तं वाटप आदल्या रोजीच होऊन गेलं होतं."

"म्हणजे दोन वेळा पेन्शन बुडाली?"

"बुडाली नाही, अडकली. पण थो कारकून म्हणे, माय, आता तिसऱ्या डावाले बी तू दिसली नाही तं आम्ही तुले मेली समजू अन् नाव कापू. मले मेली म्हणा ना बाप्पा, माह्यं काय जाते. पण मंग पेन्शिन बी मरते."

विसाव्या शतकात, आगगाडी आणि तारायंत्राच्या काळात, एक म्हातारी बाई केवळ तारीख कळली नाही म्हणून जिवंतपणी मरणार? मी त्याच वेळी ठरवलं. देऊळघाटात अफवांचं राज्य यापुढं चालणार नाही. खात्रीची माहिती, तीही थेट उगमापासून.

दुसऱ्या दिवशी सायकलीला तेलपाणी करून बुलढाणा गाठलं. चढावर मी सायकलीवर कमी आणि सायकल माझ्यावर जास्त बसली, पण पोचलो. खजिन्याचे कारकून नागपूरकडचे होते, अंगानं किरकोळ, आवाजानं भरदार. पान लावत होते.

"पेन्शनवाटपाची तारीख हवी आहे," मी म्हणालो.

"कोणाला?"

"जनतेला."

त्यांनी पानावरून नजर वर केली. "जनता बाहेर बसते. तुम्हाला कोणासाठी हवी?"

मी अनसामायचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "साहेब दौऱ्यावर आहेत. आले की वाटप."

"साहेब कधी येणार?"

"दौरा संपला की."

"दौरा कधी संपणार?"

"साहेब आले की."

आता बडोद्याला शिकलेला माणूस असल्या उत्तरानं हटतो काय? मी तिथंच उभं राहून नागरिकाचे हक्क या विषयावर बोलायला सुरुवात केली. मी अजून प्रस्तावनेतच होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा, थांबा. येत्या सोमवारी. सकाळी. त्याच एका दिवशी. मग हिशोब नागपूरला जातो. ओळख पटवायला कोणीतरी भला माणूस सोबत आणायचा. झालं समाधान? आता उजेड अडवू नका."

उतारावरून सायकल सोडली तेव्हा मी अक्षरशः तरंगत होतो. खात्रीची तारीख माझ्या खिशात होती.

अनसामायला सांगितलं. तिनं मान डोलावली. "सोमवारी. हाव. बरं झालं लेका. मी संगं भाकर बांधून घेईन."

इथं गोष्ट संपायला हवी होती, नाही का? एखाद्या साध्या माणसाची संपली असती. गावात पेन्शनवाली घरं मोजकीच. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघून एकेका दारात सांगून आलो असतो, तरी दिवेलागणीच्या आत घरी परतलो असतो. पण मला वाटलं, हे म्हणजे पुन्हा तेच, कानगोष्टीचं राज्य. माहिती ही सार्वजनिक पाहिजे. उघड्यावर पाहिजे. सगळ्यांना एकाच वेळी, एकाच शब्दांत कळली पाहिजे. बडोद्यात कसं होतं? शाळा उघडली, दवंडी. वाचनालयात नवी पुस्तकं आली, दवंडी. डफावर काठी पडली की माणसं जेवणाच्या ताटावरून उठून ओट्यावर येत. मी स्वतः हात खरकटा ठेवून ऐकलेली आहे.

मी पाटलांकडे गेलो. पाटील सुपारी कातरत होते. माझं ऐकून अडकित्ता तसाच उघडा राहिला.

"दवंडी?" ते म्हणाले. "पेन्शिनीची?"

"हो."

"काऊन? कोणी चुकवली काय?"

"नाही, कोणी चुकवू नये म्हणून."

पाटील सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाले, "पिटा बाप्पा. तुम्ही शिकेल माणसं. पण माह्यं नाव घेऊ नका त्याच्यात."

मी याला त्यांचा विनय समजलो.

संपत कोतवालाला बोलावून मी मजकूर पाठ करून घेतला. संपतचा आवाज असा की ओढ्यापलीकडच्या म्हशीनं मान वर करावी. मी म्हणालो, "संपतराव, एक अक्षर इकडचं तिकडं होता कामा नये." आणि तुम्हाला सांगतो, झालं नाही. त्या गड्यानं शनिवारी सकाळी वेशीपासून मशिदीपर्यंत आणि मशिदीपासून मारुतीपर्यंत शब्दनशब्द बरोबर म्हटला. "ऐका हो ऐका! लढाईत कामी आलेल्या जवानांच्या आईबापांनी अन् बायकांनी येत्या सोमवारी सकाळी बुलढाण्याच्या कचेरीत जातीनं हजर राहावं, त्यांना त्यांची पेन्शन मिळेल, हो!" मी मागून ताठ मानेनं चाललो होतो.

पहिली काठी डफड्यावर पडली तेव्हा समोरच्या ओट्यावर एक आजोबा बिडी ओढत बसले होते. दुसरी पडली तेव्हा ओट्यावर नुसती बिडी होती, धूर निघत होता. मला वाटलं, आत माणसं बोलवायला गेले. पुढच्या गल्लीत एक बाई अंगण सारवत होती. हातातला शेणाचा गोळा तिथंच सोडून तिनं दार लावलं, आतून कडी घातल्याचा आवाज आला. एका घराच्या मागच्या दारानं कोणीतरी एका म्हातारीला पाठुंगळी घेऊन पळताना मी पाहिलं. म्हटलं, बिचारी आजारी असेल, वैद्याकडे नेत असतील.

मारुतीपाशी पोचलो तोवर ऐकायला एक कुत्रं होतं. तेही संपतच्या ओळखीचं.

"काय हो संपतराव," मी म्हणालो, "लोक फार शांतपणे ऐकतात इथले."

संपतनं डफडं काखेला मारलं. "तुम्ही म्हणान तसं, भाऊ."

"तुमच्या घरचे काय म्हणाले?"

"आमची आई वावरात गेली," तो म्हणाला. जरा खाकरला. "मीच पोचवून आलो, पहाटे. दवंडी पिटायच्या आंधी."

मी पळत अनसामायच्या दारात गेलो. दाराला कुलूप. चुलीपाशी भाकरीचं पीठ तसंच मळून ठेवलेलं खिडकीतून दिसत होतं. हाक मारली, दारं ठोठावली. शेजारच्या घरातून एका बाईनं फटीतून सांगितलं, "नाहीत त्या. अन् कुठं गेल्या ते मले मालूम नाही. अन् माह्या घरात बी कोणी म्हातारं नाही. आमच्याकडे कोणी म्हातारं झालंच नाही."

शनिवारचा उरलेला दिवस आणि रविवारची सकाळ मी वावरं धुंडाळत काढली. ज्वारी माणसाच्या डोक्यावर उभी होती. सगळीकडे कणसं वाऱ्यानं हलतात, तशी हलत होती, पण मधूनच वारा नसताना हलत. मी ओरडायचो, "अनसामाय, मी दिनू, घाबरू नकोस, सोमवारी बुलढाण्याला यायचंय!" की त्या बाजूची ज्वारी एका ओळीत हलत लांब लांब जायची. जितकं मोठ्यानं ओरडावं तितकी ज्वारी वेगानं पळायची. एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तर मला खोकला ऐकू आला, अगदी पायाशी. मी खाली वाकून म्हणालो, "आजोबा, तुमचा मुलगा लढाईत होता का?" ज्वारीतून आवाज आला, "इथं कोणी नाही."

शेवटी आमच्याच वावरात, पाखरं राखायच्या माळ्यावर मला अनसामायच्या लुगड्याचा काठ दिसला. मी शिडीला हात घातला, तर शिडी वर ओढून घेतलेली.

"माय, खाली ये."

"नाही येत."

"अगं, मी तुला स्वतः सांगितलं होतं ना? तू भाकर बांधून घेणार होतीस."

"सांगतलं होतं. अन् मले पटलं बी होतं," वरून आवाज आला. "मंग तू दवंडी पिटली."

"तीच तर बातमी होती!"

"दिनू," ती माळ्याच्या काठावरून खाली डोकावली, आणि मी सहावीत नापास झालो असतो तर जशी बोलली असती तशी बोलली, "चांगल्या गोष्टीची दवंडी कोणी पिटते काय बे? अख्ख्या जन्मात मी दवंडी ऐकली ती सारा भरा म्हणून. साहेबाच्या सामानाले बैलगाड्या द्या म्हणून. जप्ती आली म्हणून. प्लेगाची टोचणी घ्या म्हणून, अन् टोचलेल्या माणसाचा दंड कसा सुजला होता ते तू पाह्यलं नाही, तू बडोद्याले होता. सरकार देते तवा गुपचूप देते. घेते तवा वाजवून घेते. आता वाजवून बोलावते म्हणजे काय देणार हाय? टोचणीच देणार हाय."

वाक्यागणिक माझं शिक्षण गळून पडत होतं.

"पण पेन्शन शब्द ऐकलास ना?"

"कोणी ऐकलं तिथपावतो? डफडं वाजलं की पाय उचलायचे का कान द्यायचे? लोक तं म्हणून राह्यले, म्हातारी माणसं मोजून नागपूरले पाठवणार हायेत."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. अन् तुले सरकारनंच बडोद्याले टोचायचं शिकवलं म्हणतात. मी म्हतलं, नाही, माहा दिनू तसा नाही. पण शिडी वर घेऊन घेतली. कोणाचा काय भरोसा."

विनवून पाहिलं. शपथ घेतली. रागावलो. तिनं वरून एक भाजलेलं कणीस खाली टाकलं, मी सकाळपासून उपाशी आहे हे तिला वरून कळलं होतं. पण शिडी काही टाकली नाही. उद्या सोमवार. उद्या ती कचेरीत दिसली नाही तर तिची पेन्शन मेली, आणि मारणारा मी. तिला न्हाव्यानं फसवलं, तेल्यानं फसवलं, पण त्यांनी निदान तिला कचेरीपर्यंत तरी पाठवलं होतं. मी खरी तारीख सांगून तिला माळ्यावर चढवलं.

कणीस हातात धरून मी गावाकडे चाललो आणि वाटेत जैतूनबी मनियारीण भेटली. बांगड्यांची दुरडी डोक्यावर. गावातल्या प्रत्येक घरातल्या प्रत्येक बाईचा हात तिच्या हातात येतो, आणि हात हातात असला की तोंड मोकळं असतं. आजूबाजूच्या वस्त्यांवर, वावरांत लपलेल्या बायकांकडेही ती सकाळपासून फिरूनच येत होती. धंदा चांगला झाला होता म्हणाली, बसल्या जागी बायकांना दुसरं काम नव्हतं.

आणि मित्रहो, मला सांगायला लाज वाटते, पण मी आजूबाजूला पाहिलं, तिच्या कानाशी गेलो आणि आवाज खाली आणला.

"जैतूनबी, एक गोष्ट सांगतो. पण कोणाला सांगायची नाही."

दुरडी लगेच खाली आली. "मेरे पेट में रहेगी, बेटा."

"उद्या सकाळी बुलढाण्याच्या कचेरीत लढाईच्या पेन्शनचे पैसे मिळणार आहेत. गुपचूप. ज्यांना ठाऊक आहे तेवढेच जाणार. ओरडा करायचा नाही."

"और वो दवंडी?"

माझ्याच तोंडून निघालं, "ती लोकांना लांब ठेवायला होती."

जैतूनबीच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की काय सांगू. "या अल्ला. तो ये बात है. मैं बोलीच, दाल में कुछ काला है." दुरडी डोक्यावर चढली आणि जैतूनबी ज्या वाटेनं आली होती त्याच वाटेनं, पण दुप्पट चालीनं परत गेली.

मी घरी येऊन तोंड धुतलं, दाढी करावी म्हणून न्हाव्याकडे गेलो. त्यानं गालाला साबण लावला, वस्तरा पाजळला, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "भाऊ, तुमचा आपला घरोबा म्हणून सांगतो. कोणाले बोलू नका. उद्या बुलढाण्याले..."

सोमवारी पहाटे मी उठलो तर गल्लीतून बैलगाड्यांचे आवाज येत होते. बाहेर येऊन पाहतो तो काय! ज्वारीनं गिळलेलं अख्खं गाव परत ओकलं होतं. म्हातारे, म्हाताऱ्या, अर्धवट म्हातारे. कोणी काठीवर, कोणी पाठुंगळी, कोणी गाडीत. एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते, प्रत्येकाला वाटत होतं की हे एकट्या आपल्यालाच कळलं आहे. "कुठं निघाले?" "सोयरिकीले." "तुम्ही?" "आम्ही बी सोयरिकीले." आणि सगळी सोयरीक एकाच रस्त्यानं घाट चढत होती. अनसामाय आमच्या गाडीत बसली. भाकर बांधून घेतलेली होती.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुले कायले पाहिजे?" ती म्हणाली. "खात्रीच्या माणसानं सांगतलं."

खजिन्याच्या कारकुनांनी दार उघडलं आणि पान तसंच हातात राहिलं. कचेरीचं आवार भरलं होतं. शिपाई म्हणाला, "ह्या सगळ्यांची पोरं लढाईत गेली?" पहिल्या म्हाताऱ्याला कारकुनांनी विचारलं, "मुलगा कोणत्या पलटणीत होता?"

"पलटणीत नव्हता," म्हातारा म्हणाला, "पण गडी उंचापुरा आहे. नेला असता तं गेला असता."

पुढचा म्हणाला, त्याचा मुलगा लढाईच्या वर्षी खामगावला जिनिंगमध्ये होता आणि तिथंही धूर फार असतो. तिसरीनं तर मुलगा बरोबरच आणला होता, खात्री करून घ्या म्हणून.

कारकुनांचा भरदार आवाज अख्ख्या आवारात घुमला. "ही खोटी बातमी कोणी पसरवली? खटला होईल. फौजदारी होईल. नाव सांगा त्याचं."

सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. आणि मग, फौजदारी हा शब्द पुरता कानात उतरला तेव्हा, तितक्याच एकदम दुसरीकडे वळल्या.

तेवढ्यात अनसामायची पाळी आली. खिडकीशी गेली, नाव सांगितलं. कारकुनांनी पाहिलं. "तीन वेळचं देणं आहे. बाई, तुम्हीच त्या कशावरून? आज इथं कोणीही उठून येतंय. ओळख पटवायला पाटील कुठं आहेत?"

पाटील नव्हते. पाटलांनी आपल्या आईला शनिवारीच पिंपळगाव राजाला मेहुण्याकडे पोचवलं होतं, आणि ते अजून तिकडेच होते.

मी छाती काढून पुढं झालो. "मी ओळख पटवतो. या अनसूयाबाई. देऊळघाटच्या. मी यांना जन्मापासून ओळखतो."

"आणि तुम्ही कोण?" ते म्हणाले. "हां, ते जनतावाले. तुम्ही देऊळघाटचे कशावरून? बोलता तर बडोद्याचं." त्यांनी आवाराकडे पाहून विचारलं, "या गृहस्थांना कोण ओळखतं?"

एवढं मोठं आवार, माझ्या गावची एवढी माणसं, आणि मला बैलाच्या शेपटीची माशी उडाल्याचा आवाज ऐकू आला. ज्यांच्या कडेवर मी वाढलो ते आजोबा काठीचं टोक न्याहाळत होते. न्हाव्यानं कालच माझी दाढी केली होती, त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझा गाल त्याच्या ओळखीचा आहे पण मी नाही. मी संपत कोतवालाकडे पाहिलं. तो आभाळात घार शोधत होता.

"पाहा," कारकून म्हणाले. "तुम्हाला कोणी ओळखत नाही, आणि तुम्ही यांची ओळख पटवणार. बाई, सरका बाजूला. पुढचा."

इतकं करून, इतकी माणसं उठवून, इतका घाट चढून, अनसामाय खिडकीपासून हातभर अंतरावर जिवंतपणी मरत होती, आणि तिच्यावर माती लोटणारा मी होतो.

अनसामाय मात्र सरकली नाही. तिनं खिडकीचा गज धरला.

"याले कोणी वयखत नाही म्हणता? मी वयखतो की," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही असंच बोलतात. "हा दिनू. याची माय मेली तवा एवढासा होता, हातात मावत होता. पाचसहा वर्षाचा असन, माह्या कोंबडीनं अंडे घातले. हा म्हणे, कोंबडी नीट उबवत नाही, थंडी लय आहे, तिले समजत नाही. अन् अंडे घेऊन सोताच्या कुशीत निजला. सकाळी उठलो तं पोरगं पिवळं, गोधडी पिवळी, अन् कोंबडी माह्याकडे पाहून राह्यली. मी दोघांची समजूत काढत बसलो. दुसऱ्याचं भलं कराची याची खोड तवापासूनची आहे साहेब. आणखी काय वयख सांगू? याच्या पाठीवर डाग आहे, मीच उलथनं लावलं होतं, कायले ते विचारू नका."

आवारात आधी कोणीतरी खोकलं. मग तो खोकला नव्हता हे कळलं. गाव हसत होतं. काठीचं टोक पाहणारे आजोबा म्हणाले, "गोविंदा बी होता तवा. गोविंदानं त्या गोधडीचं तोरण केलं होतं दाराले." आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण ओळख दिली. दुसरा म्हणाला, "हाव, अनसाचा गोविंदा. माह्याच संगं भरतीले आलता, माही छाती कमी भरली." हळूहळू चहूकडून तेच. फौजदारीची भीती हसण्यात विरघळली आणि गोविंदा, त्याची माय आणि तिच्या शेजारचा येडा पोरगा, तिघांचीही ओळख अख्ख्या देऊळघाटानं एकदम पटवून दिली.

कारकुनांनी डोकं हातात धरलं होतं. ते म्हणाले, "बाई, तुमची ओळख पटवायला यांना आणलं. आता यांची ओळख तुम्हीच पटवताय?"

"मंग काय करू," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या भरोशावर हा उभा राहीन?"

त्यांनी शाईची डबी पुढं सरकवली. अनसामायनं अंगठा उठवला, तिन्ही वेळचं देणं घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. गावातल्या बाकीच्या खऱ्या पेन्शनवाल्यांचंही झालं. उरलेल्यांना शिपायानं आवाराबाहेर काढलं. ते जाताना माझ्याकडे असे पाहत होते, की जणू मी त्यांच्या घरचा वारसा बुडवला.

परतताना गाडी उतारावर आपसूक चालली होती. अनसामायनं भाकर सोडली, अर्धी मला दिली. मला धीर आला. अजूनही माझ्यात थोडा बडोदेकर शिल्लक होता.

"माय," मी म्हणालो, "पुढच्या वेळी दवंडी नाही, काही नाही. मी कचेरीत जाऊन तारीख काढीन आणि फक्त तुला येऊन सांगीन. एकटीला. हळूच."

तिनं घास गिळला. माझ्या पाठीवर हात ठेवला, बरोबर त्या उलथन्याच्या डागावर.

"नको, लेका," ती म्हणाली. "तू कचेरीत जाऊन ये. तारीख बी काढ. पण मले सांगू नको. जैतूनबीले सांग. म्हणजे मले खात्रीनं कळन."